निष्प्रयोजन कलेची घटका

नांदेडच्या जुन्या वस्तीतून गोदावरीच्या घाटाकडे पहाटे जाणाऱ्या वाटसरूस एक दृश्य अजूनही दिसते. कोणी गृहिणी दारापुढची जागा झाडून, सडा शिंपून, पदर खोचून बसलेली असते. चिमटीतून पांढरी रेघ सुटते, ठिपक्यास ठिपका मिळतो, आणि पाहता पाहता उंबऱ्यापुढे एक कमळ उमलते. आठ वाजण्याच्या सुमारास त्या कमळावरून दूधवाल्याची सायकल जाते, मागोमाग शाळेच्या मुलांची रिक्षा जाते, आणि दुपारपर्यंत त्याचा मागमूसही उरत नाही. दुसऱ्या दिवशी तीच गृहिणी त्याच जागी बसते आणि निराळीच आकृती काढते. कालचे पुसले गेले याचे दुःख तिच्या मुद्रेवर दिसत नाही.

दारी रांगोळी असावी हा आचार खरा. परंतु आचारापुरते एक लहानसे स्वस्तिक पुरते. त्यापलीकडे जे वळण, जी वेल, जी पाकळी येते, तिला कोणत्याही शास्त्राची आज्ञा नाही, कोणाचे पारितोषिक नाही, कोणी पाहावे अशी अटही नाही. ती केवळ हाताची हौस होय. आजचे भाषण या हौसेविषयी आहे.

अशा कलेविषयी बहुतेकांची समजूत अशी की, ती रिकामपणातून निघते. ज्यास काम नाही त्याने चित्रे काढावीत, ज्यास पोट आहे त्याने कामास लागावे. या समजुतीला मराठी स्त्रियांच्या जात्यानेच उत्तर देऊन ठेवले आहे. पहाटेच्या अंधारात दळणास बसणाऱ्या बाईएवढी कामाने पिचलेली व्यक्ती शोधूनही सापडणार नाही. तरी ओवी जन्मली ती तिच्याच मुखी. पुण्याच्या हेमा राईरकर आणि त्यांचे सहकारी गी प्वातवाँ यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करविल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्यांत मराठवाड्यातील बायांचाही वाटा आहे. कोणी म्हणेल, ओवीने श्रम हलके होत, तेव्हा तिला प्रयोजन होतेच. परंतु श्रम हलके करावयास दहा ओव्या पुरे होत्या. लाखभर कशास रचाव्या लागल्या? पीठ तर मुक्याने दळूनही पडले असते.

पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. बायांच्या खांद्यांना व मनगटांना विसावा मिळाला, ही निःसंशय आनंदाची गोष्ट झाली. त्याबद्दल हळहळणे केवळ न दळणाऱ्यासच शोभेल. परंतु विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. दळणाचा वेळ वाचला, आणि त्या वाचलेल्या वेळात ओवी काही आली नाही. तो वेळ दुसऱ्या कामांनी गिळून टाकला. यावरून एवढे निष्पन्न होते की, कला मोकळ्या वेळातून आपोआप उगवत नाही. वेळ नव्हता तेव्हा ती होती. वेळ आला तेव्हा ती गेली. तिच्यासाठी जागा राखावी लागते.

ही जागा राखण्याचा प्रश्न आज मराठवाड्यात जितका निकडीचा आहे तितका क्वचित अन्यत्र असेल. लातूरचे नाव महाराष्ट्रभर गाजले ते ‘लातूर पॅटर्न’मुळे. परिश्रम, वेळापत्रक आणि वारंवार सराव यांच्या बळावर मागास गणल्या गेलेल्या या भागातील मुले गुणवत्ता यादीत चमकू लागली. नांदेडनेही तीच वाट धरली. आता दूरदूरच्या जिल्ह्यांतून सोळा-सतरा वर्षांची मुले या दोन शहरांत खोल्या घेऊन राहतात आणि वैद्यकीय प्रवेशाच्या ७२० गुणांसाठी दिवसाचा तास न् तास मोजतात. या पद्धतीने कित्येक शेतकऱ्यांच्या घरी पहिला डॉक्टर आला, हे ऋण विसरता येणार नाही. जिच्या बापाने बैल विकून शुल्क भरले, त्या मुलीस अभ्यास सोडून चित्रे काढ असा उपदेश कोणी करू नये.

परंतु अशाच एखाद्या मुलाच्या टेबलावर क्षणभर डोकवावे. कच्च्या वहीत रसायनशास्त्राची समीकरणे आहेत. वही उलटी करून मागचे पान पाहिले तर तेथे एक बैल आहे, वशिंड थोडे मोठेच झालेले. शेजारी विहिरीचा रहाट आहे, आणि कोपऱ्यात एक नाक आहे, ते बहुधा शिकवणाऱ्या सरांचे असावे. वडील भेटीस आले की तो मुलगा ती वही हळूच खाली सरकवतो. वडिलांनी त्यास कधी दटावलेलेही नसेल. तथापि घराच्या एकंदर बोलण्यावरून त्याने एवढे ताडलेले असते की, हे पान चोरीचे आहे. हानी ती येथे. चित्र काढण्यात पाच मिनिटे गेली ही हानी नव्हे. निर्मळ आनंदाची पाच मिनिटे त्यास अपराधासारखी लपवावी लागली, ही हानी होय. डॉक्टर होऊनही असा मनुष्य स्वतःच्या आनंदापाशी चोरासारखाच जाईल.

यावर सुशिक्षित घरांनी एक तोड काढली आहे. मुलास चित्रांची आवड आहे ना, मग त्यास एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांस बसवावे. रेखाकलेत श्रेणी मिळाली तर दहावीच्या गुणांत भर पडते. गाणे येते, तर स्पर्धेत उभे करावे. या परीक्षांत वाईट असे काही नाही. त्यांनी अनेकांचा हात वळविला आहे. परंतु घरातील प्रत्येक आवड जर परीक्षेच्या दारातूनच आत येऊ लागली, तर आवड आणि अभ्यासक्रम यांत भेद तो काय उरला? कलेचे समर्थकही याच चुकीत सापडतात. चित्रकलेने एकाग्रता वाढते, गायनाने स्मरणशक्ती वाढते, असे ते सांगतात. तसे असेलही. पण हे समर्थन म्हणजे मैत्रीस व्याज लावण्यासारखे आहे. उद्या एकाग्रता वाढविण्याचा दुसरा सोपा उपाय निघाला, तर चित्राने घर सोडून जावे काय?

प्राचीन साहित्यशास्त्रज्ञांनी हा हिशेब निराळ्या रीतीने मांडला आहे. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट यांनी काव्याची सहा प्रयोजने सांगितली. त्यांत यश आहे, धन आहे, व्यवहारज्ञान आहे, अमंगलाचे निवारण आहे आणि गोड शब्दांतला उपदेशही आहे. परंतु या सर्वांच्या मस्तकी त्यांनी बसविला तो तत्काळ मिळणारा परम आनंद. तात्पर्य, ज्या पंडिताने धन आणि कीर्ती यांची लाज बाळगली नाही, त्यासही शिरोभागी आनंदच ठेवावा लागला.

हा आनंद किती क्षुल्लक निमित्ताने प्रकट होतो याचा दाखला रवींद्रनाथांच्या चरित्रात आहे. १९२४ साली ‘पूरबी’तील कविता लिहीत असता खोडलेले शब्द त्यांस कागदावर विद्रूप दिसत. म्हणून त्या खोडाखोडीस ते रेघांनी जोडू लागले. त्यांतून पक्षी, मुखवटे, विचित्र प्राणी निघू लागले. तेव्हा त्यांच्या वयास साठीच्या वर काही वर्षे उलटली होती, आणि नोबेल पारितोषिकासही अकरा वर्षे होऊन गेली होती. त्या रेघांपासून त्यांस काही मिळवावयाचे नव्हते. पुढे १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले, ही गोष्ट नंतरची. प्रारंभ झाला तो चुकलेल्या शब्दावर खेळत बसण्याने. लातूरच्या त्या मुलाच्या वहीतील मागचे पान आणि कविवर्यांची ती खोडाखोड यांत गुणाचे अंतर आकाशपाताळाचे असेल. जात मात्र एकच.

आता, जागा राखावी कशी? याचे उत्तर शोधण्यास लातूरकरांनी दूर जाण्याचे कारण नाही. मार्गशीर्षातील अमावास्येस, म्हणजे वेळा अमावास्येस, जिला खेड्यात येळवस म्हणतात, लातूर शहरातील पेठा ओस पडतात. जिल्ह्यास स्थानिक सुट्टी मिळते. वकील, व्यापारी, कारकून, सर्व जण शेताकडे निघतात. ज्यास शेत नाही त्यास दुसऱ्याचे आमंत्रण असते. शेतात कडब्याची कोप उभारतात, तीत पाच पांडव मांडून पूजा करतात, आणि मग भज्जी, उंडे, खीर व आंबील यांची पंगत बसते. कोपीचा कडबा कसा बांधावा, तिला कोणत्या पानाफुलांनी नटवावे, याविषयी त्या दिवशी थोरामोठ्यांत लहान मुलांसारखा वाद रंगतो. उद्या ती कोप राहणार नाही, हे प्रत्येकास ठाऊक असते. पूजा धान्यलक्ष्मीची खरी. पण रंगलेला तो वाद कोणत्याही पिकाच्या उपयोगी नाही.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, येळवशीस कोणी ‘वेळ मिळाला तर जाऊ’ असे म्हणत नाही. तो दिवस पंचांगात आधीच ठरलेला असतो, आणि कामे त्याच्या भोवती वळसा घालून जातात. वर्षातून एक दिवस जे अवघ्या शहरास साधते, ते दिवसातून अर्धी घटका एका घरास का न साधावे? रात्रीच्या जेवणानंतरची दहा-बारा मिनिटे असोत, किंवा रविवारची सकाळ असो. तेवढ्या वेळात मुलाने बैल काढावा, आईने वेल काढावी, आणि विशेषतः वडिलांनीही काही करावे. कारण थोर माणसे ज्यास हात लावीत नाहीत ते मुलांस क्षुद्र वाटते. नियम एवढेच असावेत की, कोणी ‘हे कशासाठी’ असे विचारू नये, कोणी गुण देऊ नयेत, आणि काढलेल्या चित्राचे छायाचित्र घेऊन लगेच नातलगांस पाठवू नये. वशिंड मोठे झाले तर होऊ द्यावे.

असे झाल्यास त्या मुलाचे गुण वाढतील असे आश्वासन येथे देता येत नाही. गुण वाढणार नाहीत, आणि कमीही होणार नाहीत. फक्त पुढच्या खेपेस वडील भेटीस येतील तेव्हा ती वही टेबलावर उघडी पडलेली असेल. आणि वडील, चष्मा पुसून, त्या बैलाकडे पाहत म्हणतील, ‘अरे, हा तर आपला ढवळ्या!’