चांगला फोटो कोणी ठरवायचा?



गाडगेबाबा आणि डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या या कर्मभूमीत, अमरावतीत, क्ष-किरण तंत्रज्ञांच्या परिषदेला जमलेल्या आपल्या सर्वांचे स्वागत समितीच्या वतीने मी स्वागत करतो. कुष्ठरुग्णांसाठी १९४६ साली तपोवन उभारणारे डॉ. शिवाजीराव पटवर्धन याच अमरावतीचे. पंजाबरावांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय येथे १९८४ पासून आहे. शासकीय महाविद्यालय अकोल्याला २००२ मध्ये आले आणि अमरावतीला २०२४ मध्ये. वऱ्हाडात क्ष-किरण यंत्रे येत आहेत, ती चालवायला माणसेही तयार होत आहेत. पण काढलेला फोटो निदानाला पुरेसा आहे की नाही हे पारखायला या माणसांना आपण नीट शिकवतो का, हा प्रश्न आज मला आपल्यापुढे ठेवायचा आहे.

ही पारख रुग्ण टेबलावर असतानाच व्हायला हवी, आणि त्या वेळी त्याच्याजवळ बहुधा तंत्रज्ञच असतो. छातीच्या फोटोच्या वेळी रुग्ण जरासा वळला, तर एक फुप्फुस दुसऱ्यापेक्षा काळे दिसते. श्वास पुरता भरून घेतला नसेल, तर हृदय मोठे वाटते आणि फुप्फुसांच्या तळाशी न्यूमोनियासारखी छाया उमटते. मेळघाटातल्या सिकलसेलच्या रुग्णाला ताप आणि छातीत कळा असतील, तेव्हा ती छाया खरी की अपुऱ्या श्वासाची, यावर पुढचा उपचार अवलंबून असतो. रुग्ण गेल्यावर चूक ध्यानात आली, तर शंकास्पद फोटोवर निदान करायचे किंवा मेळघाटातल्या धारणीच्या माणसाला शंभराहून अधिक किलोमीटर घाटरस्त्याने पुन्हा अमरावतीला बोलवायचे, एवढेच हाती उरते.

यावर पहिला आक्षेप असा की हे काम रेडिओलॉजिस्टचे आहे. निदान त्यांचेच आहे, यात वाद नाही. पण दोन्ही गळपट्टीच्या हाडांची (क्लॅव्हिकलची) आतली टोके मणक्यापासून समान अंतरावर आहेत का, खांद्याची हाडे फुप्फुसांवरून बाजूला गेली आहेत का, डाव्या-उजव्याची खूण बरोबर आहे का, मंगळसूत्राची किंवा वेणीची सावली पडली आहे का, हे पाहणे म्हणजे निदान करणे नव्हे. युरोपात असे निकष १९९६ सालीच लेखी प्रसिद्ध झाले. जे लिहून ठेवता येते, ते शिकवताही येते. दुसरा आक्षेप डिजिटल यंत्राचा: आता फोटो मागाहून सुधारता येतो. खरे तर इथेच जास्त जपायला हवे. पूर्वी किरणे जास्त झाली की फिल्म काळी पडायची आणि चूक लगेच कळायची. आज जास्त किरणमात्रेचा फोटो उलट सुबक दिसतो, म्हणून मात्रा नकळत वाढत जाते. पडद्यावरचा एक्स्पोजर इंडेक्स वाचता आल्याशिवाय ती वाढ लक्षात येत नाही. आणि न घेतलेला श्वास कोणतेही सॉफ्टवेअर परत आणत नाही.

तिसरा आक्षेप गर्दीचा, आणि तो खराच आहे. बाहेर रांग असताना प्रत्येक फोटो निरखायला सवड कुठून आणायची? पण ओळीने या गोष्टी पाहायची सवय लागली की त्याला काही सेकंद पुरतात. रुग्णाला पुन्हा बोलावण्यात त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो. मात्र पारख म्हणजे ऊठसूट फोटो पुन्हा काढणे नव्हे, कारण दर वेळी रुग्णावर पुन्हा किरणे पडतात. सीटीच्या बाबतीत तर हे अधिकच जपायला हवे: छातीच्या एका सीटीची किरणमात्रा साध्या छातीच्या फोटोच्या शेकडो पट असते. डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळत असेल, तर थोडा उणा फोटोही ठेवावा. कधी थांबायचे हे कळणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

हे शिक्षण एका व्याख्यानाने होत नाही. प्रत्येक केंद्राने बाद फोटो पुसून न टाकता कारणासह जपावेत आणि महिन्यातून एकदा ते सर्वांनी मिळून पाहावेत. तेच फोटो तंत्रज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट यांनी आधी वेगवेगळे तपासावेत. जिथे मते जुळत नाहीत तिथेच खरे शिकणे सुरू होते. त्या बैठकीत कोणाला दोष देऊ नये, कारण शिक्षेची भीती शिरली की बाद फोटो गुपचूप नाहीसे होतात. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय आयोग कायद्याने तंत्रज्ञाला व्यावसायिक म्हणून ओळख दिली आहे. ती ओळख पारखीच्या जोरावर सार्थ करायची आहे. अमरावती आणि अकोल्याच्या रुग्णालयांनी ही मासिक बैठक याच वर्षी सुरू करावी, अशी माझी विनंती आहे.