मैदा सणापुरता

(मंडळाच्या वर्धापनदिनी हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



मला व्याख्यान देता येत नाही. माझे आयुष्य गेले परातीत आणि भट्टीपुढे. आपल्या मंडळाच्या खाऊ-विभागाचे काम मी बरीच वर्षे पाहिले. आपली नानकटाई, आपली खारी आणि दिवाळीचे शंकरपाळे साऱ्या सोलापुरात जात होते, आणि त्या पैशावर आपल्या बालवाडीच्या सेविकाबाईंचे मानधन निघत होते. तेव्हा आज मैद्याबद्दल मी काही बोलले, तर तो आधी माझ्याच कामाचा हिशेब आहे असे समजा.

पाच वर्षांपूर्वी माझ्या यजमानांना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी औषध दिले आणि सांगितले, "आठवडाभर हे जे जे खातील ते वहीत लिहून आणा." मला वाटले, आमच्या घरात काय लिहायचे? वरण-भात, पोळी, भाजी. पण वही भरू लागली तसे माझे डोळे उघडले. सकाळच्या चहाबरोबर दोन टोस्ट. दहा वाजता बिस्किटे. दुपारचा चहा आणि त्याबरोबर खारी. संध्याकाळी नातवासाठी आणलेल्या पावातला अर्धा पाव. रात्री झोपण्यापूर्वी, तोंड गोड म्हणून, एक नानकटाई. पाच वेळा मैदा! आणि त्यांतला दोन वेळचा मी माझ्या हाताने केलेला. पोळी-भाकरी जेवणात एकदाच होती, तीही उरलीसुरली भूक भागवण्यापुरती. ती वही डॉक्टरांपुढे ठेवताना मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

त्या दिवसापासून मी या पिठाचा पाठपुरावा केला. जे कळले ते सांगते.

गव्हाच्या दाण्याचे तीन भाग असतात. वरचे टरफल म्हणजे कोंडा, टोकाला बारीकसा अंकुर, आणि मधला पांढरा गाभा. कोंड्यात तंतू असतात, अंकुरात तेल आणि जीवनसत्त्वे. गाभ्यात मुख्यतः पिष्ट. गिरणीत कोंडा आणि अंकुर काढून नुसता गाभा बारीक केला की मैदा झाला. अंकुरातले तेल गेले म्हणून तो महिनोन्‌महिने खवट होत नाही; दुकानदाराला आणि कारखानदाराला तो प्रिय असण्याचे हे मोठे कारण.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली आपल्या अन्नधान्यांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत शंभर ग्रॅम मैद्यात तंतूंचे प्रमाण तीन ग्रॅमहूनही कमी आहे. कणकेत ते अकराच्या आसपास, ज्वारीत दहा, बाजरी आणि नाचणीतही अकराच्या घरात. बाजरीतले लोह मैद्याच्या तिपटीहून जास्त. मैद्यात कॅल्शियम वीस मिलिग्रॅमच्या आसपास, तर नाचणीत साडेतीनशेच्या वर! वाढत्या वयाच्या मुलींनी आणि आपल्यासारख्या गुडघे धरून उठणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मैदा आतड्याला खळीसारखा चिकटून बसतो असे काहीजणी सांगतात. तसे काही नाही. मैदा पचतो, उलट फार लवकर पचतो. अडवायला तंतू नसल्यामुळे त्याची साखर रक्तात झपाट्याने उतरते, आणि तासाभरात पुन्हा काहीतरी खावेसे वाटते. तेव्हा खोटी भीती नको. मैदा विष नाही. पण त्याने पोट भरते आणि अंगाला फारसे काही लागत नाही.

आता कुणी म्हणेल, आपल्या आजी-पणजी काय पांढरे पीठ वापरत नव्हत्या? वापरत होत्या. माझी आजी सपीट करायची ते मी पाहिले आहे. गव्हाला पाण्याचा हात लावून ते ओल्या फडक्यात रात्रभर बांधून ठेवायचे, सावलीत सुकवायचे, जात्यावर दळायचे, रवा वेगळा काढायचा आणि राहिलेले पीठ वस्त्रगाळ करायचे. एवढा खटाटोप केल्यावर हाती यायचे ते दोन-तीन शेर सपीट. मग त्याच्या पुरणपोळ्या, चिरोटे, सांजोऱ्या. हे रोज कोण करणार? सणालाच व्हायचे. कष्टाने त्याला आपोआप मर्यादा घातली होती. आज पुडी फोडली की मैदा तयार, म्हणून सणाचे पीठ रोजचे झाले. माझे सारे म्हणणे एवढेच आहे, की त्याला पुन्हा सणापुरते ठेवावे.

पण यात एक अडचण आहे, आणि ती पिठाची नाही, मनाची आहे. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. शिधावाटप दुकानात अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी धड थापली जात नसे आणि घशाखाली उतरत नसे. शेजारच्या घरी पाव आला की आम्ही भावंडे दारात उभी राहून बघायचो. तेव्हापासून मनात बसले, की भाकरी ही नाइलाजाची आणि पांढरा पाव सुखवस्तू माणसाचा. आपल्यापैकी पुष्कळजणींच्या मनात ते अजून आहे. पाहुणा आला की आपण बिस्किटांची बशी पुढे करतो. भाकरी पुढे करायला संकोचतो. ज्या ज्वारीची आपल्याला लाज वाटली, त्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला पुढे भौगोलिक मानांकन मिळाले, आणि संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष साऱ्या जगात भरडधान्यांचे म्हणून पाळले. आपल्या दारची वस्तू जगाने वाखाणली तेव्हा आपल्याला तिची किंमत कळली!

वही हातात घेऊन मी मंडळाच्या बैठकीत हा विषय काढला. खारी आणि नानकटाई एकदम बंद करावी असे मी तावातावाने म्हणाले. त्यावर आपल्या कोषाध्यक्ष बाईंनी शांतपणे विचारले, "आणि सेविकाबाईंचे मानधन?" मला उत्तर देता आले नाही. मग ठरले, की आधी पर्याय करून दाखवावा.

माझा पहिला पर्याय सपशेल फसला. उत्साहाच्या भरात मी निव्वळ नाचणीची नानकटाई केली. डबा गिऱ्हाइकाच्या घरी पोचला तेव्हा आत नुसता चुरा होता. त्या बाईंनी डबा परत पाठवला आणि निरोप दिला, "पीठ छान आहे, आता नानकटाई पाठवा." तुम्ही हसता आहात, पण त्या दिवशी मला हसू आले नाही.

चुकले कुठे ते पुढे कळले. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की एक चिवट चिकटपणा येतो. तोच पावातला वायू धरून ठेवतो आणि पाव फुगतो. ज्वारी, बाजरी, नाचणीत तो नाही. म्हणून तर आपण ज्वारीच्या पिठाला उकळते पाणी घालतो. गरम पाण्याने पिष्ट चिकट होते आणि भाकरी थापता येते. यावरून मी एक ठोकताळा बांधला. ज्या पदार्थाला फुगायचे आहे तिथे गहू हवाच. ज्याला खुसखुशीत व्हायचे आहे तिथे दुसरी पिठे चालतात, पण जोडीला थोडी कणीक किंवा बेसन असावे.

नानकटाईचे जमलेले प्रमाण असे: एक वाटी तूप आणि पाऊण वाटी पिठीसाखर हलके होईपर्यंत फेसावे. एक वाटी कणीक, पाऊण वाटी नाचणीचे पीठ आणि पाव वाटी बेसन घ्यावे. नाचणीचे पीठ मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजून, निववून मगच घालावे, म्हणजे कच्चट लागत नाही. वेलदोड्याची पूड घालून गोळे करावेत आणि मध्यम आचेवर पंधरा ते वीस मिनिटे भाजावेत. गरम असताना मऊ लागतात म्हणून घाबरू नये. निवल्यावर खुटखुटीत होतात.

केक निव्वळ कणकेचा होतो. दीड वाटी कणीक दोनदा चाळून घ्यावी, पण चाळणीवर राहिलेला कोंडा टाकू नये, परत मिसळावा. चाळायचे ते हवा खेळण्यासाठी. एक वाटी दही, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी तेल, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा. कणीक पाणी जास्त पिते, म्हणून दोन-चार चमचे दूध वर घालावे. १८० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटे लागतात. मैद्याच्या केकइतका हलका होत नाही हे मी आधीच सांगते. पण मुले खातात.

शंकरपाळे कणकेचे करावेत आणि मूठभर बारीक रवा घालावा. मात्र पीठ बदलले तरी तळण ते तळणच, आणि साखर ती साखरच. "नाचणीचे आहे" म्हणून डबाभर खाऊ नये. मधुमेह असलेल्यांनी भाकरीही मोजूनच खावी. ज्वारीतही पिष्ट असतेच.

खरा पर्याय मात्र मी शोधला नाही. आपल्या मंडळात एक मावशी येतात. त्या दहा घरी भाकऱ्या करून देतात. आमच्या केकच्या वर्गाला त्या कितीतरी वर्षे मागच्या रांगेत बसत. खारीच्या जागी काय ठेवावे यावर आमचा खल चालला होता, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "बाई, कडक भाकरी का नाही ठेवत?" मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ज्वारीची पातळ भाकरी, मीठ घातलेली, वर तीळ दाबलेले, मंद तव्यावर फडक्याने दाबत पापडासारखी वाळवलेली. डब्यात दिवसेंदिवस टिकते, चहाबरोबर चालते, शेंगाचटणीबरोबर तर विचारूच नका. ती सोलापूरच्या घराघरांत आहे, आणि आम्ही खारी शिकवत बसलो होतो! पुढच्या बैठकीत मावशी पाटावर बसल्या आणि आम्ही शिकलो. माझ्या पहिल्या चार भाकऱ्या तव्यावर जाण्यापूर्वीच फाटल्या. "बाई, पीठ विरी गेलंय, ताजं दळून आणा," हे त्यांनी नुसत्या हाताने ओळखले.

पहिले सहा महिने उत्पन्न घटले हे मी लपवत नाही. एका महिन्याचे मानधन उशिरा दिले गेले. सेविकाबाई काही बोलल्या नाहीत, पण ते मला अजून लागते. पुढे कडक भाकरीच्या मागण्या पुण्या-मुंबईहून येऊ लागल्या आणि हिशेब जुळला. मैद्याची नानकटाई आता आपण दिवाळीतच करतो.

जाता जाता चार गोष्टी सांगते. बिस्किटाच्या किंवा "ब्राऊन" पावाच्या वेष्टनावरचे पहिले नाव वाचा. जो जिन्नस सर्वांत जास्त तो आधी लिहिलेला असतो. तिथे मैदा असेल, तर रंगाला भुलू नका. बाजरीचे पीठ थोडथोडेच दळून आणा. त्यातल्या तेलामुळे ते लवकर कडवट होते. ज्यांना डॉक्टरांनी गहूच वर्ज्य केला आहे, त्यांना कणीक, रवा आणि खपली गहूही चालत नाही. त्यांनी ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, राजगिरा घ्यावा, आणि तोही वेगळा दळलेला. आणि ज्यांना भाकरीची सवय नाही त्यांनी तंतू एकदम वाढवू नयेत, पाणीही पुरेसे प्यावे.

माझ्या यजमानांची औषधे चालूच आहेत. पीठ बदलून रोग गेला असे मी सांगणार नाही. पण परवा पाहुणे आले तेव्हा त्यांनी स्वतः उठून बिस्किटांऐवजी कडक भाकरी आणि चटणी पुढे ठेवली, आणि पाहुण्यांनी जाताना बांधून मागितली.

तेव्हा आज घरी गेल्यावर प्रत्येकीने एक वही करावी आणि आठ दिवस लिहावे, एवढीच माझी विनंती आहे. बाहेर मावशींनी भाकऱ्या मांडल्या आहेत. वाण म्हणून एकेक घेऊन जा.