तीन किलोंचा जीव



एका फ्लॅटमध्ये तीन-तीन, चार-चार लहान कुत्री असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. पहिला पॉमेरेनियन हौसेनं आणलेला असतो. तो एकटा पडतो म्हणून शिट्झू येते. मग नोकरीसाठी परदेशी गेलेल्या भाच्याचा डॅशहाउंड थोड्या दिवसांसाठी म्हणून येतो आणि घरचाच होऊन जातो. अशी घरं माझ्या दवाखान्यात नेहमी येतात. "लहानच आहेत हो डॉक्टर, त्यांचा काही त्रास नाही," असं ती मंडळी सांगतात. त्रास नाही, हे खरंच आहे. पण आपल्याला किरकोळ वाटणारी गोष्ट लहान अंगाला फार होते, आणि घरात कुत्री अनेक असली की ती कोणाला झाली हे कळायला उशीर लागतो. आज मी बोलणार आहे ते या दोन गोष्टींबद्दल.

आधी औषधांचा हिशेब करू. ताप आला की आपण पॅरासिटामॉलची ६५० ची गोळी घेतो. आपलं वजन ६५ किलो धरलं तर किलोमागे १० मिलिग्रॅम औषध झालं. तीच गोळी तीन किलोंच्या कुत्र्याच्या पोटात गेली तर किलोमागे २०० मिलिग्रॅमच्या वर जाते, आणि कुत्र्याचं यकृत बिघडायला शंभराच्या आसपासचं प्रमाणही पुरतं. म्हणजे "अर्धीच दिली हो" म्हणूनही ते कुत्रं सुटत नाही. बरं, गोळी द्यायचं कारण काय, तर अंग गरम लागलं. कुत्र्याचं अंग आपल्या हाताला गरमच लागणार. त्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक या दुखण्यावरच्या गोळ्यांनी तर पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. उशाशी, टीपॉयवर, पर्समध्ये ठेवलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या आजच कपाटात वर ठेवा.

गोचिडांच्या औषधाचंही तेच. मानेवर टाकायच्या थेंबांची मोठ्या कुत्र्यासाठीची नळी आणायची आणि तीन लहान कुत्र्यांत वाटून टाकायची, हे पुष्कळ घरांत चालतं. पैसे वाचावेत म्हणून लोक करतात, मला ते कळतं. पण थेंब समान वाटले जात नाहीत. एकाला जास्त पडतं, एकाला अपुरं. ज्याला अपुरं पडलं त्याच्या अंगावर गोचिडी राहतात, आणि आपल्याकडे गोचिडांतून होणारा ताप कुत्र्याचा जीव घेणारा आहे. प्रत्येकाची नळी त्याच्या वजनाप्रमाणे वेगळी घ्या. थेंब टाकल्यावर सगळ्यांना काही तास एकमेकांपासून लांब ठेवा, कारण एकत्र राहणारी कुत्री एकमेकांची मान चाटतात आणि औषध भलत्याच्याच पोटात जातं.

आता स्वयंपाकघर. मटणाच्या रश्श्यात पोळी कुस्करून कुत्र्याला घालणं हा आपल्याकडचा लाडाचा प्रकार. त्या रश्श्यात कांदा-लसणाचं वाटण असतं. कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लसणानं त्याहून कमी प्रमाणातही, आणि शिजवल्यानं त्यातला दोष जात नाही. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा रक्तात बदल घडवायला पुरेसा असतो. तीन किलोंच्या कुत्र्याला एखादा मध्यम कांदा झाला. परिणाम लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी कुत्रं गळून जातं, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी लालसर होते. तोवर रश्श्याची आठवण कोणालाच राहिलेली नसते.

द्राक्षं, बेदाणे आणि मनुके यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं अचानक बंद पडू शकतात, हे अनेक वर्षांपासून माहीत होतं. का पडतात ते मात्र कोडंच होतं. अलीकडे अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं आहे. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, आणि चिंच खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याची उदाहरणंही त्यांनी नोंदवली आहेत. आपल्यासाठी ही फार महत्त्वाची माहिती आहे. शिऱ्यातले बेदाणे आपल्याला आठवतात, पण फोडायला काढून ठेवलेली चिंच, भेळेच्या कागदाला लागलेली आंबटगोड चटणी आठवत नाही. यात किती खाल्लं तर चालतं अशी सुरक्षित मर्यादा सांगता येत नाही. एक कुत्रं मूठभर खाऊन ठणठणीत राहतं, दुसरं थोडक्यात आजारी पडतं. म्हणून अजिबात नको.

चॉकलेटचं प्रमाण मात्र सांगता येतं. दुधाच्या चॉकलेटचे ३० ग्रॅम किंवा काळ्या कडू चॉकलेटचे १२-१५ ग्रॅम तीन किलोंच्या कुत्र्याला अस्वस्थ करायला पुरतात. काळं चॉकलेट त्याच्या दुप्पट झालं की हृदयाचे ठोके बिघडतात. बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये झायलिटॉल असेल, तर एक-दोन गोळ्यांनीही अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर धाडकन उतरते आणि कुत्रं कोलमडतं. मे महिन्यात आंब्याची कोय, पावसाळ्यात मक्याच्या कणसाचा दाणे खाल्लेला दांडा, या गोष्टी विषारी नाहीत, पण लहान आतड्यात अडकल्या की ऑपरेशनशिवाय निघत नाहीत. कचऱ्याचा डबा घट्ट झाकणाचा घ्या आणि ओट्याखाली उघडा ठेवू नका. एक कुत्रं डबा पाडतं आणि खातात सगळी.

असं काही घडलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. मीठच जिवावर उठतं. दूध, तूप यांनीही विष उतरत नाही. फिनेल, ॲसिड किंवा रॉकेल पोटात गेलं असेल तर उलटी काढणं आणखी वाईट, कारण येताना ते पुन्हा घसा जाळतं किंवा फुप्फुसात जातं. उलटी काढायची की नाही हे डॉक्टरांना फोनवर विचारा.

विषाइतकीच दुखापतही घरातल्या घरात होते. चिवावा किंवा छोट्या पॉमेरेनियनची पुढच्या पायाची हाडं पेन्सिलीएवढी असतात. सोफ्यावरून किंवा कोणाच्या कडेवरून गुळगुळीत फरशीवर उडी मारली की ती मोडतात, आणि त्या जागी रक्तपुरवठा कमी असल्यानं जुळायला त्रास देतात. डॅशहाउंडची पाठ लांब, त्याच्या मणक्यांमधल्या चकत्या लवकर झिजतात. एका उडीनं मागचे पाय लुळे पडलेले डॅशहाउंड मी पाहिले आहेत. म्हणून सोफ्याला आणि पलंगाला छोटी पायरी किंवा उतरती फळी लावा, फरशीवर सतरंजी टाका, आणि पंजाच्या गादीमधले केस कापत राहा, म्हणजे पाय घसरत नाहीत. एक पळाला की मागून सगळे पळतात, तेव्हा कडेचा एखादा हमखास आपटतो. मागे-पुढे सरकणारी आरामखुर्ची आणि सामान ठेवायचा दिवाण बंद करण्यापूर्वी डोकी मोजायची सवय लावा. खाली ऊब असते, म्हणून ती तिथे जाऊन झोपतात.

गॅलरीच्या गजांमध्ये आपलं डोकं जात नाही म्हणून ती सुरक्षित वाटते. तीन किलोंचं कुत्रं त्यातून सहज निघतं. खालपासून किमान कमरेइतकी बारीक जाळी घट्ट बांधा आणि जाळीशेजारी खुर्ची, कुंडी, स्टूल ठेवू नका. मुख्य दाराला जाळीचं आतलं दार असेल तर पाहुणे येताना आधी ते लावलेलं हवं. तसं नसेल तर पॅसेजमध्ये लहान मुलांसाठी मिळतं तसं आडवं फाटक लावा. दार उघडल्यावर एकाला पकडेपर्यंत दुसरा जिन्यात पोचलेला असतो.

लिफ्टबद्दल मला थोडं थांबून सांगायचंय. तीन पट्टे एका हातात, दुसऱ्या हातात फोन. दोन कुत्री आत शिरली, तिसरं काहीतरी हुंगत बाहेर राहिलं, दार बंद झालं आणि लिफ्ट निघाली. पट्टा मानेत असेल तर पुढे काय होतं हे मला सांगवत नाही. असे अपघात खरोखर होतात, आणि लिफ्टच्या दाराचा सेन्सर पातळ पट्टा ओळखेलच असं नाही. म्हणून लिफ्टपाशी सगळ्यांना उचला. उचलण्याइतके हात नसतील तर दोन फेऱ्या करा. लांब होत जाणारा, गुंडाळला जाणारा पट्टा इमारतीच्या आत वापरूच नका. आणि लहान कुत्र्याला मानेतल्या पट्ट्यापेक्षा छातीवरून जाणारा हार्नेस कधीही बरा. अनेक लहान जातींची श्वासनलिका कमकुवत असते. मानेला ओढ बसली की बदकासारखा खोकला येतो, तो त्यामुळेच.

पग आणि शिट्झू पाळणाऱ्यांनी उन्हाळ्यात विशेष जपावं. चपट्या नाकातून त्यांना पुरेशी धाप टाकता येत नाही, आणि धाप हाच कुत्र्याचा अंग गार करण्याचा मुख्य मार्ग. विदर्भ-मराठवाड्यात तर त्यांना सकाळी सातच्या आत आणि रात्रीच बाहेर न्या. जीभ गडद लाल किंवा जांभळट झाली, लाळ चिकट झाली, तोल जाऊ लागला, तर आधी अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा, आणि मग गाडीत घाला. बर्फाच्या पाण्याची गरज नाही.

आता भांडणं. एकत्र वाढलेली कुत्री भांडत नाहीत, या समजात राहू नका. वाटी, अंथरूण, तुमची मांडी आणि दाराची बेल, या चार ठिकाणी ठिणगी पडते. जेवण वेगवेगळ्या खोल्यांत द्या, पंधरा मिनिटांनी उरलेल्या वाट्या उचला. गुरगुरणाऱ्याला रागावू नका. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे. ती मारून बंद केली तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावतो. भांडण लागलंच तर मध्ये हात घालू नका. चादर टाका, खुर्ची किंवा सुपासारखं काही आडवं धरा. पग आणि शिट्झूच्या डोळ्यांच्या खोबणी उथळ असतात. झटापटीत किंवा मानेची कातडी जोरात धरल्यानं डोळा बाहेर येऊ शकतो. तसं झालं तर तो आत ढकलू नका. स्वच्छ ओला कपडा ठेवून तासाभराच्या आत दवाखाना गाठा. वरून दाताचं बारीक भोक दिसणाऱ्या जखमेतही आत मांस फाटलेलं असतं, म्हणून भांडणानंतर प्रत्येकाचे केस बाजूला करून सगळं अंग तपासा.

नर आणि मादी एकत्र असतील तर नसबंदीचा विचार लवकर करा. फार लहान चणीच्या माद्यांचं बाळंतपण अनेकदा अडतं, आणि नसबंदी न केलेल्या मादीला उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. वार्षिक लसी, त्यात रेबीजची, घराबाहेर न पडणाऱ्या कुत्र्यालाही हव्यातच.

सगळ्यात जास्त आग्रह मी धरते तो प्रत्येकाला वेगळं ओळखण्याचा. हॉलमध्ये पातळ शी दिसली, त्यात रक्त आहे, पण ती कोणाची? वाट्या सगळ्या रिकाम्या आहेत, पण आजारी असलेल्याचं जेवण दुसऱ्यानं संपवलं असेल तर? एकट्या कुत्र्याच्या घरात हा प्रश्न पडत नाही. रोज सकाळी प्रत्येकाला एकेकटं बाहेर न्या, निदान पाच मिनिटं, म्हणजे त्याची शी, लघवी आणि चाल तुम्हाला दिसेल. दर आठवड्याला वजन करा. आधी तुम्ही एकटे काट्यावर उभे राहा, मग कुत्रं घेऊन, आणि वजाबाकी करा. स्वयंपाकघरातला मोठा काटा असेल तर आणखी बरं, कारण तीन किलोंच्या कुत्र्याचे ३०० ग्रॅम कमी झाले तर त्याचं दहा टक्के वजन गेलं. लांब केसांखाली ते डोळ्यांना दिसत नाही. छोटी पिल्लं असतील तर दिवसातून चार वेळा खायला घाला. उपाशी राहिलं की त्यांची साखर उतरते, ती झिंगल्यासारखी करतात. तेव्हा हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळा आणि तसेच निघा.

फ्रिजवर एक कागद लावा. त्यावर प्रत्येकाचं नाव, वजन, चालू औषधं, आणि रात्री उघड्या असणाऱ्या जवळच्या दवाखान्याचा नंबर लिहा. घरात तुम्ही नसाल, सासूबाई किंवा शेजारची मुलगी असेल, तिलाही तो कागद वाचता आला पाहिजे. दवाखान्यात येताना फाटलेलं पाकीट, गोळ्यांची पट्टी, झाडाची फांदी, जे काही खाल्लं असेल ते सोबत आणा. आणि नेमकं कोणी खाल्लं याची खात्री नसेल, तर एकही कुत्रं घरी ठेवू नका. सगळी आणा.