थव्याचा कप्तान कोण?



बुटाच्या खोक्याएवढा उपग्रह आज कॉलेजातली मुलंही बनवतात. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ तर जेमतेम एक किलोचा होता. २०१६ साली पीएसएलव्हीनं तो वर नेला. त्यामुळे उपग्रह लहान करणं ही आता मोठी अडचण राहिलेली नाही. अडचण आहे ती अशा अनेकांना एकत्र नांदवण्याची.

५०० किलोमीटर उंचीवर ते सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगानं पळत असतात. दोघांच्या वेगात सेकंदाला एका सेंटिमीटरचा, म्हणजे मुंगीच्या चालीइतका, फरक राहिला तरी दिवसभरात त्यांच्यात सुमारे अडीच किलोमीटर अंतर पडतं. पुढच्याला गाठायला वेग वाढवाल तर कक्षा मोठी होते आणि तुम्ही आणखी मागे पडता! आधी वेग कमी करून खाली उतरायचं, मग आतल्या जवळच्या वाटेनं पुढे जायचं. इंधनाला तर खोक्यात जागाच कमी. प्लॅनेट कंपनीचे ‘डव्ह’ उपग्रह विरळ हवेला कधी रुंद, कधी अरुंद बाजू देऊन आपसातलं अंतर राखतात.

दुसरा प्रश्न, निर्णय कोणी घ्यायचा? एका केंद्राशी बोलायला एका फेरीत फार तर दहाएक मिनिटं मिळतात. नासाच्या ‘ईडीएसएन’मध्ये आठ उपग्रह होते. त्यातला एक कप्तान, बाकीचे त्याच्याकडे माहिती देणार, आणि कप्तानपद फिरतं. मला हे पटतं. एकच कायमचा कप्तान असला आणि तोच बंद पडला, तर सगळे मुके. २०१५ साली रॉकेटच कोसळलं आणि आठही गेले. पुढच्याच वर्षी ‘नोड्स’च्या दोन उपग्रहांनी कप्तान कोण हे आपसात ठरवून दाखवलं. २०२३ पासून ‘स्टारलिंग’च्या चौघांनी आपसातल्या निरोपांचं जाळं चालवून पाहिलं.

मेलेल्या उपग्रहाला वगळून निरोप पुढे नेता येतो. कठीण आहे तो जिवंत, पण चुकीचं ठामपणे सांगणारा. तिघांतला एक जण याला एक आणि त्याला दुसरंच सांगू लागला, तर साध्या निरोपांवर उरलेल्या दोघांचं एकमत होईलच याची खात्री देता येत नाही, चौथा लागतो. हे गणितानं सिद्ध झालंय. पण चौघांचे सेन्सर एकाच साच्यातले असतील, तर चौघंही एकदमच चुकतील, आणि तेही एकमतानं!

म्हणून मी दर वेळी भांडते, की एकाचा सेन्सर तरी वेगळ्या बनावटीचा घ्या. त्यानं चाचण्या वाढतात, खर्च वाढतो. बैठकीत ते कुणालाच आवडत नाही.