हिशेबाची वही आणि चर्चची भिंत



महोत्सवात आपल्याच संस्थेचे गुणगान करावे, अशी रीत आहे. ते काम वडीलधाऱ्यांनी उत्तम केले. मी मात्र दुसऱ्याच एका धर्मकार्याची हकीकत सांगणार आहे. जामसांवलीहून मुंबईस गेलेल्या प्रत्येकाने चर्चगेट स्टेशनाचे नाव ऐकलेले असते. ते पडले किल्ल्याच्या जुन्या दरवाजावरून आणि दरवाजाचे पडले जवळच्या सेंट थॉमस चर्चवरून. सातासमुद्रांपलीकडून येऊन वसलेल्या इंग्रजांचे हे देवालय वर्गणीतून उभे राहिले.

गव्हर्नर जेरल्ड ऑंजियर यांनी १६७६ साली काम आरंभिले. पुढल्याच वर्षी ते वारले आणि काम अडले. जमलेला पैसा मधल्यामध्ये गडप झाला, असा प्रवाद मागे राहिला. सुमारे चाळीस वर्षे भिंती छपरावाचून ऊन-पाऊस सोशीत उभ्या होत्या. १७१४ साली रिचर्ड कॉब नावाचे पाद्री आले. त्यांनी नव्याने वर्गणी मागितली आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडले.

त्या दिवशी सभोवती उभे राहून शेवटपर्यंत उपासना पाहणाऱ्यांत रामा कामती हे शेणवी व्यापारी आपल्या जातबांधवांसह होते, असे कॉब यांनीच लिहून ठेवले आहे. वाळकेश्वराचे देऊळ १७१५ साली पुन्हा बांधून देणारे ते हेच. परंतु दोनच वर्षांनी, १७२० साली, कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून कंपनी सरकारने त्यांना कैदेत टाकले व मालमत्ता जप्त केली. १७२८ साली ते कैदेतच वारले. ज्या पत्रावर खटला उभा होता ते बनावट होते, हे मागाहून उघडकीस आले.

पुढे १८३७ साली हे चर्च कॅथीड्रल झाले. मुंबईचे जुने मैलाचे दगड येथूनच अंतर मोजीत. गेलेला पैसा दुसऱ्या पिढीने पुन्हा जमविला. गेलेला माणूस मात्र कोणाला परत आणता आला नाही.

म्हणून विश्वस्तांना माझी नम्र विनंती अशी की, कीर्दीत पै-पैचा जमाखर्च असावाच. पण एखाद्यावर ठपका ठेवण्यापूर्वी हातातला कागद दोनदा वाचावा.