दारावरचे नाव



महाविद्यालयांत आणि कचेऱ्यांत इंटरनेटची वाट पुष्कळदा प्रॉक्सी सर्व्हरमधून जाते. हा देवडीवरचा पहारेकरी. तो '४०७' हा क्रमांक पाठवून सांगतो, आधी ओळख पटवा. सर्वांत साध्या पद्धतीत ब्राउझर मग युजरनेम आणि पासवर्ड अपूर्णविरामाने जोडून, बेस-६४ मध्ये बांधून पाठवतो. हे नाव देवनागरीत असले तर काय होते, एवढाच माझा आजचा विषय.

यंत्राला अक्षर कळत नाही, अंक कळतात. १९६३ मध्ये आलेल्या आस्की संचात १२८ जागा. त्यांत मराठीचे एकही अक्षर नाही. १९९१ मध्ये युनिकोडने देवनागरीला जागा दिली. यूटीएफ-८ पद्धतीत आपले प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे होते. परंतु १९९९ च्या आरएफसी २६१७ या नियमावलीने, नाव कोणत्या संचात पाठवायचे, हे सांगितलेच नव्हते. कोणी लॅटिन-१ धरी, कोणी यूटीएफ-८. पासवर्ड अचूक असूनही दार बंद राही. २०१५ च्या आरएफसी ७६१७ ने 'यूटीएफ-८ मध्ये पाठवा' असे सांगण्याची सोय सर्व्हरला दिली.

येथवरचे काम अभियंत्यांचे. पुढचा प्रश्न मात्र आपला आहे. 'कऱ्हाडे' हे आडनाव घ्या. कोणी 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन ते टंकतो. ती सात चिन्हे, एकवीस बाइट. कोणी साधा 'र', हलन्त आणि मध्ये न दिसणारे जोडचिन्ह घालतो. ती आठ चिन्हे, चोवीस बाइट. तिसरा 'र'खाली नुक्ता देतो. डोळ्यांना तिन्ही सारखीच. यंत्राला तीन निराळी माणसे. युनिकोडच्या एनएफसी या एकरूपीकरणाने नुक्त्याचे रूप 'ऱ'मध्ये मिळते. युजरनेमसाठी हे एकरूपीकरण २०१७ च्या आरएफसी ८२६५ मध्ये सांगितले आहे. जोडचिन्हाचे रूप मात्र त्यानंतरही वेगळेच उरते.

यावर नेहमीचा सल्ला मिळतो: नाव रोमनमध्ये लिहा. पण आपण 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला भेद वर्गात शिकवतो. रोमनमध्ये पंडित आणि स्वयंपाकी एकाच पंगतीला बसतात. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मुलांची नावे आधीच दोन-तीन लिप्यांतून फिरून येतात. निदान स्वतःच्या लिपीत तरी ते नाव नेमके राहावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. मराठीच्या विभागांनी टंकलेखन शिकवताना 'ऱ्य', 'ऱ्ह' यांचे एकच रूप शिकवावे. आणि नावनोंदणीची व्यवस्था उभारणाऱ्यांना आपण लेखी कळवावे की दोन्ही रूपे एकच मानून मगच नाव ताडून पाहा. कोणती रूपे एक, हे मराठी जाणणाऱ्यानेच त्यांना सांगायला हवे. ते काम आपले आहे.