मागच्या सीटवरचं हेल्मेट



मी सॉफ्टवेअरवाली, त्यामुळे हिशेबच मांडणार. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त. समोर कुत्रं आडवं आलं, ब्रेक दाबायला एक सेकंद लागला, की आपल्या वर्गाएवढ्या दोन खोल्या मागे पडल्या!

हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा जाड थर असतो. तो स्वतः चेपतो आणि डोक्याचा मार कमी करतो. पण एकदाच. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसलं तरी बाद. पट्टा न लावलेलं तर पडतानाच निसटतं.

मागे बसणाऱ्याला, चार वर्षांवरच्या मुलालाही, कायद्यानं हेल्मेट लागतं. येताना पार्किंगमध्ये मोजलं: गाड्या 11, हेल्मेटं 4, त्यातली दोन आरशाला लटकलेली. रात्री मागे वहिनी बसणार ना? त्यांचं कुठाय?